शेवट सांगत फिरणारा माणूस

माणसाने बांध सरकवून दुसऱ्याची जमीन गिळावी, दुसऱ्याच्या कलमाचे आंबे उतरवून न्यावेत, हे मी एक वेळ समजू शकतो. त्यात निदान कुणाचा तरी फायदा असतो. पण दुसऱ्याने रक्त आटवून लिहिलेल्या हेरकथेचा शेवट, स्वतःला कवडीचा लाभ नसताना, गावभर सांगत फिरणारा इसम या पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला. तो नेमका देवबागला जन्मला आणि नेमका माझा मित्र झाला. म्हणजे लोक त्याला माझा मित्र म्हणत. मी त्याला काय काय म्हणत असे ते छापण्यासारखं नाही.

मी स्वतः हेरकथा लिहितो. मेजर शार्दूल हा माझा नायक. मालवण, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, कुठल्याही एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानात दोरीला चिमट्याने लटकलेला शार्दूल तुम्ही पाहिला असेल. कोट, गॉगल, मागे बर्फ. तोही हेरकथाच लिही. या अख्ख्या किनाऱ्यावर हेरकथा लिहिणारे आम्ही दोघेच, त्यामुळे एकमेकांना टाळायची सोय नव्हती. गेल्या महिन्यात तो वारला, आणि वाचनालयाच्या सभागृहात त्याची शोकसभा झाली. त्या सभेत मी जो तमाशा केला, त्याबद्दल गावात चार तऱ्हेच्या आवृत्त्या फिरताहेत. म्हणून खरी आवृत्ती लिहून ठेवतो.

आधी माझा राग समजून घ्या. मी मूळचा शिरोड्याचा, आता राहतो मालवणात. बाप लवकर गेला. आठवडा बाजारात सुक्या मासळीची टोपली पुढ्यात घेऊन मी अक्षरं शिकलो, आणि भाव करायला त्याच्याही आधी शिकलो. माझी पुस्तकं कुणा प्रकाशकाने कडेवर घेऊन मोठी केली नाहीत. कागदवाल्याशी भांडलो, छापखानेवाल्याशी भांडलो, मुखपृष्ठाच्या चित्रकाराशी तर शार्दूलच्या गॉगलमध्ये किती रंग लागतात यावरून भांडलो. पुस्तकांचे गठ्ठे एसटीच्या टपावर स्वतः चढवले. अशा माणसाच्या मालाची मेख काय? शेवट. शार्दूल सापळ्यातून सुटतो की नाही, फितूर कोण निघतो. हेरकथेचा शेवट म्हणजे नारळातलं पाणी. ते कुणी आधीच काढून घेतलं तर करवंटी कोण विकत घेणार?

आणि हा गृहस्थ पाणी काढत असे. माझं नवं पुस्तक दुकानात लागलं की पहिली प्रत त्याची. मी भेट म्हणून दिलेली प्रत त्याने कधी घेतली नाही, छापलेली पुरी किंमत मोजून विकत घेई. दुकानदार आपण होऊन सूट देऊ लागला तर ‘नको’ म्हणे. ही त्याची दुसरी खोड, आणि तिने माझं नुकसान पहिलीपेक्षा कमी केलं नाही. तो आयुष्यात कधी भावच करत नसे. मासळी बाजारात सुंदराबाई सुरमईचा जो आकडा सांगेल तो निमूट देऊन मोकळा होई. त्याच्यामागे मी उभा असलो की संपलं. मी तोंड उघडायच्या आत सुंदराबाई म्हणे, “भाऊनू, आत्ताच देवबागवाल्यांनी ह्याच भावान नेल्यानी. ते काय येडे?” ते येडेच होते, पण हे भर बाजारात सांगणार कसं?

तर पुस्तक घेऊन तो देवबागच्या जेटीवर जाऊन बसे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर हा पुढ्यात माझं पुस्तक घेऊन. पर्यटकांच्या बोटी येत-जात, डॉल्फिन दाखवणारे हाका मारत, याची मान वर नाही. संध्याकाळपर्यंत वाचून संपवी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी निघे. न्हाव्याच्या दुकानात, मासळी बाजारात, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या फाटकाशी, रिक्षा स्टँडवर. एकेकाला बाजूला घेऊन कुजबुजत्या आवाजात शेवट सांगे. त्याचं घर म्हणजे चार खोल्यांचं न्याहारी-निवास होतं. तिथल्या कपाटात त्याने माझी सगळी पुस्तकं ओळीने लावलेली होती. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याने हौसेने एखादं हातात घेतलं, की हा घावणे वाढता वाढता म्हणे, “ह्या वाचतास? बरां आसा. शेवटाक काय होता सांगू?” आणि नको म्हणायच्या आत सांगून टाकी.

माझ्यापर्यंत बातमी यायला दुपार होत नसे. एकदा मी खुर्चीत बसलेला असताना न्हावी म्हणाला, “भाऊनू, पुस्तकाचो शेवट कळलो हां आमका. देवबागवाले सांगान गेले. पण भाऊनू, मी पुस्तक वाचलंय तर थंय…” मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. शेवट कळल्यावर माझ्या तोंडावर माझ्याच पुस्तकाची चर्चा करतोस, म्हणून तिथेच फणफणलो, आणि एका गालाला साबण तसाच ठेवून रस्त्यावर आलो. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा रस्त्यात थांबवून “अहो, तुमच्या त्या शेवटाबद्दल एक गंमत सांगायची होती,” असं म्हटलं. त्यांनाही मी सांगितलं की ज्या घरात दरोडा पडलाय त्या घरमालकाला गंमत सांगू नये. नंतर लोकांनी माझ्यासमोर तो विषय काढणंच सोडलं.

असं झालं की माझा एकच कार्यक्रम. रस्त्यावर येऊन रिक्षाला हात करायचा. रिक्षा स्टँडवरचा दाजी मला लांबून बघूनच इंजिन चालू करी. “खंय, भाऊनू? देवबागाक? भांडूक?” असं विचारी. आणि भांडायला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला परतीचं भाडंही लागतं असा त्याने नियम केला होता. त्या भाड्यावरून त्याच्याशी भांडत मी तारकर्ली गाठी, म्हणजे देवबागला पोचेपर्यंत आवाज तापलेला असे.

तिथे हा माणूस लुंगी नेसून ओट्यावर बसलेला. आमच्या लिहिण्यात फरक काय, तर माझा शार्दूल व्हिएन्नाच्या बर्फात उभा राहून बैरूतच्या फोनची वाट पाहतो. याचा हेर पावलू. ख्रिस्ती म्हातारा, खाडीच्या धक्क्यावर बसून जाळी विणतो, आणि कोण होडीत चढलं, कोण उतरलं, कुणाच्या पिशवीत मासळी नसून दुसरंच काही आहे, हे सगळं बसल्या जागेवरून ओळखतो. पावलूने आजवर पिस्तूल उचललेलं नाही. पुढच्या घरातल्या म्हातारीच्या कोंबड्या वेळेआधी का ओरडल्या यावरून त्याने एक पाणबुडी पकडलेली आहे. हे लोकांना आवडत असे. मला का आवडत नव्हतं ते मी कधी तपासलं नाही. तो मात्र मला ऐकवी, “मेल्या, तुझो शार्दूल बर्फात कोट घालून फिरता, आनी तू हय पंख्याखाली उघडो बसान लिवतंस. तेका एकदा तरी घाम येव दी मां!”

स्वतः मात्र हेरगिरीचा त्याला अनावर शौक होता, आणि त्यात त्याच्याइतका नालायक माणूस मी पाहिला नाही. माझ्या एका पुस्तकाच्या प्रकाशनाला मी त्याला मुद्दाम बोलावलं नव्हतं. तर पठ्ठ्या वेष बदलून आला. डोक्याला गोंड्याची टोपी, काळा चष्मा, आणि स्वतःच्या मिशीवर चिकटवलेली दुसरी मिशी. सभागृहाच्या दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच पाच-सहा जण ओरडले, “येवा, येवा! आज मिशी दाट झाली ती?” तो चिडला. माझ्या भाषणाच्या मध्यभागी उठून मागच्या रांगेला विचारू लागला, “कशान वळाखलात?” मागून आवाज आला, “चालण्यान! पाय कायम वाळयेत रुतल्यासारखो टाकतास.” माझ्या प्रकाशनाचा फोटो पेपरात आला तो त्याच्या मिशीचा. मी कुठेतरी कोपऱ्यात होतो.

तर एकदा असाच मी भांडायला गेलो असताना त्याला स्पष्ट विचारलं. तो ओट्यावर जेवायला बसला होता, बांगड्याचे काटे काढत.

“तू माझ्या पोटार पाय दितंस,” मी म्हटलं. “माझ्या पुस्तकात शेवटाबिगर आसा काय?”

“ता तू सांगतंस, मी नाय,” तो म्हणाला, आणि हसला. मग म्हणाला, “दशावतारात संकासुर मरतलो ह्या बारक्या पोरांकय ठावक आसता. तरी माणसा चटया घेवन जागो धरतत. कित्याक?”

“ती देवाची सेवा आसा. हो माझो धंदो आसा!”

“शेवट कळलो म्हणान जो वाचूचो थांबता, तो तुझो गिरायक न्हयच, मेल्या.”

“बरां,” मी म्हटलं. “मगे तुझ्या पावलूचो शेवट मी सांगलो तर चलात?”

“सांग मां! माझी परवानगी आसा. मी मेलंय काय उभो रव आनी सांग. सगळ्यांदेखत.”

“बोललंस तो भाव पक्को?”

“पक्को.”

तो कधी भाव करत नसे, आणि मी झालेला सौदा कधी सोडत नसे. बांगड्याचा वास असलेल्या त्याच्या हातावर मी हात मारला. आतून वहिनी, म्हणजे त्याची बायको, सोलकढीचा पेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “झाला भांडान? आता जेवा.” जेवलो. त्या घरात भांडण करून उपाशी परतलो असं कधी झालं नाही, आणि त्यामुळे माझा राग दर वेळी अर्ध्यावरच राहायचा. तो अर्धा-अर्धा राग साठत गेला.

तो वारला तेव्हा त्याचं शेवटचं पुस्तक छापखान्यात होतं. ‘खाडीपलीकडचा पावलू’. शोकसभेतच ते प्रकाशित करायचं ठरलं. सभेत बोलायचं म्हणून वहिनींनी बांधणीवरून आलेली पहिली प्रत माझ्याकडे धाडली. मी ती एका बैठकीत वाचली. शेवट जबरदस्त होता. आणि पान मिटताना मला आठवलं की माझा एक सौदा वसूल व्हायचा आहे. उभा रहा आणि सांग. सगळ्यांदेखत.

मी इस्त्रीचे कपडे घातले आणि गेलो.

सभागृहाच्या दारात फ्लेक्स लावलेला. त्यावर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली पुढाऱ्यांचे हात जोडलेले मोठमोठे चेहरे, आणि ज्याला श्रद्धांजली द्यायची तो वर कोपऱ्यात तिकिटाएवढा. त्यातही फोटो कुठला निवडावा? दोन मिशांचा! म्हणे मोठा करण्याजोगा तेवढा एकच सापडला. दारातल्या टेबलावर नव्या पुस्तकाचे गठ्ठे ठेवलेले, सुतळीही न सोडलेले. माणसं त्यांना वळसा घालून आत जात होती. पुस्तकाला लोक वळसा कसा घालतात ते मी एसटी स्टँडवर पुष्कळ पाहिलंय. माझं डोकं तिथेच सरकलं.

अध्यक्ष मुंबईहून आलेले कोणी समीक्षक होते. त्यांनी आवाज ओला केला आणि सुरुवात केली, “या लाल मातीतला एक हळवा निसर्गपूजक आज आपल्यात नाही. त्यांच्या प्रतिभेला हेरकथेसारख्या रंजनप्रकाराची वाट धरावी लागली, हे आपल्या साहित्याचं दुर्दैव. ते त्यात अडकले नसते तर…” मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मी म्हटलं, “अडकले नव्हते. बसले होते.” वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांना वाटलं मी दाद दिली. ते आणखी बराच वेळ नारळी-पोफळी आणि गाज यांवर बोलले. पावलूचं नाव त्यांनी दोनदा घेतलं, दोन्ही वेळा ‘पाब्लो’ असं.

मग माझं नाव पुकारलं. मी माइक धरला. लिहून आणलेलं चांगलं भाषण खिशात होतं, ते खिशातच राहिलं.

“अध्यक्ष म्हणतात तसा हा माणूस हळवा-बिळवा नव्हता,” मी म्हटलं. “हा दरोडेखोर होता. मी रात्रंदिवस खपून लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकाचा याने खून केला. शेवट सांगून सांगून केला. तुम्ही सगळे त्याला साक्षीदार आहात. इथे बसलेल्या एकाने तरी छातीवर हात ठेवून सांगावं, की शार्दूलचा शेवट मला या माणसाने आधी सांगितला नाही!”

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला. मग मागून न्हाव्याचा आवाज आला.

“सांगलो मां, भाऊनू. पण तो खोटो होतो.”

“काय?”

“माका सांगलेल्यानी शार्दूल विमानातसून पडान मरता म्हणान. मी म्हटलंय, असो कसो मरात? म्हणान पुस्तक घेतलंय, तर थंय तो जितो! ह्याच मी तुमका त्या दिवशी सांगी होतंय, तर तुमी साबणासकट गेलात.”

“मरता?” दाजी रिक्षावाला उभा राहिला. “माका तर त्याच पुस्तकाचा सांगलेल्यानी तो लगीन करता म्हणान. त्या जर्मन चेडवावांगडा.”

“लग्न नाही हो,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “मला त्यांनी सांगितलं होतं की शार्दूल संन्यास घेतो. मला ते पटेना, म्हणून मी शाळेच्या ग्रंथालयासाठीसुद्धा प्रत मागवली. हीच गंमत मी तुम्हाला सांगायला आले होते.”

“संन्यास खंयचो!” बाजारातून थेट आलेली सुंदराबाई टोपली बाकाखाली सारत म्हणाली. “माका सांगल्यानी तो मासळेचो धंदो घालता. माझ्या धाकट्या झिलान वाचून दाखयल्यान तर मासळेचो वासय नाय तेच्यात!”

यानंतर सभेचं जे व्हायचं ते झालं. जो तो उठून आपला शेवट सांगू लागला. कुणाच्या शेवटात शार्दूल फितूर होता, कुणाच्या शेवटात मुळात शार्दूल नव्हताच, तो त्याचा जुळा भाऊ होता. माणसं एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसू लागली. एकालाही खरा शेवट सांगितलेला नव्हता. न्याहारी-निवासात उतरलेले दोन पाहुणे खास सभेला थांबले होते. त्यांना न्याहारीच्या एकाच टेबलावर बसवून दोघांना वेगवेगळे शेवट सांगितलेले, आणि मग ते दोघे दिवसभर पुस्तकासाठी भांडलेले.

मी माइक धरून उभा. हेरकथा लिहिणारा माणूस मी. परक्या देशाचे गुप्तहेर पहिल्या प्रकरणात ओळखणारा. आणि स्वतःभोवती चाललेल्या कामगिरीचा मला वास नाही. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, आणि रडतही होत्या.

“वहिनी, तुमका ठावक होता?”

“म्हणजे काय!” त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. “तुमचा नवा पुस्तक इला काय तेंचा जेवणार लक्ष नसायचा. न्हाव्याक कसलो सांगू, बाईंका कसलो सांगू, ह्याच डोक्यात. म्हणायचे, न्हावी मरणार इश्वास ठेवचो नाय, बाई लगीन आयकान घेवच्यो नाय, संन्यासच व्हयो. पावलूक दिला नाय येवढा डोका तुमच्या शार्दूलाक दिल्यानी.”

“मगे माका कित्याक नाय सांगल्यान?”

“मी इचारलंय. तर म्हणाले, तेका सांगलंय तर तो भांडूक येवचो नाय.”

मी तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला जेवढा राग आला तेवढा आधी कधीही आला नव्हता. फसवणूक झाली की मी फसवणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो, ही माझी आयुष्यभराची रीत. आता कुणाच्या दारात उभा राहू? सौदा होताना दोन्ही बाजूंना मालाची माहिती असावी लागते. याने माल झाकून ठेवला, हात मारला आणि निघून गेला. माझ्याकडे आता एकच गोष्ट उरली होती, त्याच्या पुस्तकाचा शेवट. आणि मागून कुणीतरी ओरडलंच.

“भाऊनू, ता जावंदे! पावलूचो शेवट सांगा! तुमी वाचल्यात मां?”

“सांगा, सांगा!” सगळं सभागृह. दारातल्या गठ्ठ्यांची सुतळी अजून तशीच होती. वहिनींचं हसू थांबलं. त्यांनी ते पुस्तक वाचलेलं होतं, बहुधा माझ्याही आधी, प्रकरण प्रकरण करून. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना तो देवबागच्या ओट्यावरचा सौदा ठाऊक होता. सोलकढी त्यांनीच आणली होती.

मी घसा साफ केला. “सांगतो. त्याची परवानगी आहे. शेवटी,” मी म्हटलं, “पावलू हाच शत्रूचा माणूस निघतो.”

सभागृहातून असा एक श्वास निघाला की पंखे चालत नव्हते तरी वारा आला.

“खोटां!” सुंदराबाई उठून उभी राहिली. “पावलू असा करूचोच नाय! इतकी वर्सां ओळखतंय मी तेका!”

“मी वाचलंय,” मी म्हटलं. “पटत नसेल तर पुस्तक दारात आहे.”

आणि समारोपाला उठलेले अध्यक्ष काय म्हणाले असतील? ते म्हणाले, “कादंबरीचा हा शेवट, पाब्लोचं शत्रूपक्षाचं निघणं, मी वाचला तेव्हा रात्रभर अस्वस्थ होतो. त्यात एक खोल प्रतीकात्मकता आहे.” वहिनींनी पुन्हा पदर तोंडाला लावला. तो जिवंत असता तर त्याने या एका वाक्यावर महिनाभर मला जेवायला बोलावलं असतं.

सभा संपल्यावर मी दारातल्या टेबलाजवळ उभा राहिलो. सुतळी मीच सोडली. न्हावी जवळ आला तेव्हा त्याच्या कानात सांगितलं, “ता सभेत सांगलंय ता लोकांसाठी. खरां म्हणजे पावलू लगीन करता.” “ह्या वयात?” म्हणून त्याने प्रत घेतली. दाजीला सांगितलं की पावलू कुडाळ स्टेशनवर गाडी पकडतो आणि कुठे गेला ते कुणालाच कळत नाही. मुख्याध्यापिकाबाईंना काय सांगावं ते सुचेना. त्या चाणाक्ष आहेत. शेवटी सांगितलं की पावलू आत्मचरित्र लिहायला घेतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दोन प्रती घेतल्या. हे काम सोपं नाही. एकेका माणसाला नेमकं कुठलं खोटं टोचेल हे त्या माणसाला आतून ओळखल्याशिवाय कळत नाही. मी ज्या गावात इतकी वर्षं भाव करत राहतोय, त्या गावाला तो माझ्यापेक्षा किती जास्त ओळखत होता याचा मला त्या टेबलाजवळ उभं राहून संताप येत होता.

आठ-दहा दिवसांनी मी मासळी बाजारात गेलो. सुंदराबाईसाठी एक शेवट खास तयार केला होता, कारण सभेत ती एकटीच ओरडली होती. सुरमईचा कल्ला उचलून बघता बघता मी हळूच म्हटलं, “बाय, ता त्या दिवशी…”

“सांगा नको,” ती म्हणाली. “माका तेंनी सांगलेल्यानी.”

“कोणी?”

“तेंनीच. दुखणेकरी होते तेव्हा मी मासे घेवन देवबागाक जाय. तेव्हा सांगल्यानी. पुस्तक छापूक जावचा होता.”

स्वतःच्या पुस्तकाचा शेवट तो सांगतो असं मी कधी ऐकलं नव्हतं. “काय सांगलेल्यान?”

तिने सुरी पाटावर ठेवली. “म्हणाले, सगळा आवरता. शत्रू जाता, होडयो लागतत, माणसा घराक जातत. पावलू एकटोच जेटयेर बसलेलो. मगे एक माणूस येता. कोट घातलेलो, बूट घातलेलो, घामान भिजलेलो. तो तुमचो मेजर.”

“शार्दूल?”

“तोच. विचारता, हय बसू काय? पावलू म्हणता, बस मेल्या, कधीपासून वाट बघतंय.”

“आणि मग?”

“मगे काय. बसतत दोघय. सपला.”

पुस्तकात असं काही नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शार्दूलचं नावसुद्धा नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “माका ठावक आसा, झिलान वाचून दाखयल्यान. तेंचो सांगलेलो शेवट कधी पुस्तकात गावलो हा?” आणि तिने सुरमईचे तुकडे करून पिशवीत घातले, आकडा सांगितला. मी पैसे दिले आणि निघालो.

स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत आलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी भाव केलाच नाही. ती म्हणाली तेवढे दिले. आयुष्यात पहिल्यांदा. टाळूपर्यंत आग गेली. हे सगळं त्याच्यामुळे. जिवंतपणी माझा बाजार बिघडवला, आता मेल्यावर मलाच बिघडवतो. पाय आपोआप रस्त्यावर आले आणि हात वर गेला.

दाजीने रिक्षा आणून पुढ्यात उभी केली. इंजिन चालूच होतं.

“खंय, भाऊनू?” त्याने विचारलं. “देवबागाक? भांडूक?”

पिशवीतून पाणी ठिबकत होतं. मी एक पाय आत ठेवलेला होता.

“आता कोणावांगडा, रे?” मी म्हटलं.

दाजीने या वेळी भाडं सांगितलं नाही. मी आत बसलो. वहिनी एकट्या जेवत असतील, आणि सुरमई एका माणसाला पुष्कळ होती.